पुसलंत कशाला?

स्कॅनरची वायर स्टिअरिंगखालच्या खोबणीत खोचता खोचता गॅरेजवाल्या काकांनी सहज विचारलं, "मधे कोड पुसला होतात का, ताई?" आणि मीही तितक्याच सहज म्हणाले, "नाही बुवा." का म्हणाले कोण जाणे. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. गाडी माझी, डॅशवरचा इंजिनचा पिवळा दिवा माझ्या गाडीचा, त्यामागचा बिघाडाचा कोड पुसणारी मी. पण शाळेत वही तपासायला टेबलावर ठेवताना शेवटची खाडाखोड हाताने झाकावी, तसं काहीसं झालं. काकांनी दोन-तीन बटणं दाबली, एका ओळीवर थांबले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, हे त्या ओळीत लिहिलेलं होतं. ११ किलोमीटर. घरापासून गॅरेजपर्यंतचं अंतर बरोब्बर ११ किलोमीटर आहे.

त्यांनी मला खोटारडी म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फडक्याला हात पुसले आणि खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं, "पुसलंत कशाला?"

याचं उत्तर तेव्हाही माझ्याकडे नव्हतं. परत येताना रस्ताभर जुळवत राहिले. दिवा खरंच परत लागतो का ते बघायला, हे एक उत्तर. ते बरं दिसतं, पण खोटं आहे, कारण तो परत लागतो हे मला चांगलं माहीत होतं. मी तो तिसऱ्यांदा पुसला होता. खरं उत्तर बहुधा असं की पाहुणे यायच्या आधी आपण घर आवरतो. गॅरेजमध्ये गाडी न्यायची तर ती जरा नीटनेटकी दिसावी. डॉक्टरकडे जाताना आजारपण घरी ठेवून निघावं, तसला शहाणपणा.

दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मागच्या सीटवर आई होती. सिग्नलला उभे होतो. इंजिन अगदी किंचित थरथरलं, पायाखाली कुणीतरी कूस बदलावी इतकंच, आणि डॅशवर ते पिवळं चित्र उमटलं. ते चित्र काढणाऱ्याने इंजिन कधी पाहिलं होतं की नाही कुणास ठाऊक. मला ते नेहमी नळ लावलेल्या पाण्याच्या टाकीसारखं दिसतं. "ते पिवळं काय लागलंय गं?" आईने विचारलं. "काही नाही, असंच लागतं कधी कधी." घरी आल्यावर मी तो काड्यापेटीएवढा ब्लूटूथचा डबा काढला, हौसेने घेतलेला आणि तोवर नुसता ड्रॉवरमध्ये पडलेला. खोबणीत लावला, मोबाइल जोडला, आणि कोड आला: पी०१७१. खाली एक बटण होतं, पुसायचं. दाबलं. दिवा गेला. मी विजयी मुद्रेने आईला हाक मारून दाखवलं. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "गेला? मग काय होतं ते?"

तिलाही मी उत्तर दिलं नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते त्या डब्याच्या बाबतीत खरं आहे. कोड कळला की आपल्याला दोष कळला असं वाटायला लागतं. त्या पाच अक्षरी कोडात तसा खूप ऐवज असतो. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरचा कारभार. 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचा भाग, आणि 'यू' लागला तर गाडीतल्या छोट्या छोट्या कंप्युटरांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय असं समजायचं. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक; तिथे एक असेल तर तो त्या कंपनीचा खासगी. नंतरचा आकडा खातं सांगतो. माझ्या कोडातला एक म्हणजे हवा आणि इंधन; तिथे तीन असता तर ठिणगीचं खातं. आणि शेवटचे दोन म्हणजे नेमकी तक्रार. पी०१७१ची तक्रार अशी की मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. एवढंच. का कमी पडतंय, ते त्यात नाही. पंप थकला असेल, फिल्टर तुंबला असेल, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर धूळ बसली असेल, नाहीतर न मोजलेली हवा भलत्याच फटीतून आत शिरत असेल. कोड ही फिर्याद असते. आपण तिलाच निकाल समजून मोकळे होतो.

मी तेच केलं. दिवा दुसऱ्यांदा लागला तेव्हा थोडं वाचलं, अर्धवट समजून घेतलं आणि सायलेन्सरच्या पाईपवरचा ऑक्सिजन सेन्सर बदलून आणला. तर्क सरळ होता: लीन आहे असं कोण म्हणतं? सेन्सर. मग तोच चुकत असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात. मी तर साक्षीदारालाच लटकवलं. तो बिचारा खरं तेच सांगत होता. नवा सेन्सर आला, त्यानेही चौथ्या दिवशी तीच साक्ष दिली आणि दिवा परत लागला. जुना सेन्सर अजून माझ्या टेबलावर आहे. टोकाला जाळीदार टोपी आणि मागे चार रंगीत वायरींची शेपटी. टाकून देववत नाही.

वडिलांच्या गाडीत असलं काही नव्हतं. कार्ब्युरेटरची गाडी, डॅशवर दोन-तीन काटे आणि दोन लाल दिवे: एक चार्जिंगचा, एक ऑइलचा. बाकी सगळं कानाने चालायचं. बॉनेट उघडून ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावून डोळे मिटून उभे राहायचे. मला तो मोठा गूढ प्रकार वाटायचा. एकदा त्यांनी मूठ माझ्या कानाला लावून दिली. दाताला झिणझिण्या आल्या, आणि त्या गदारोळात एक बारीक टकटक वेगळी ऐकू आली. "ही," ते म्हणाले, "बाकी सगळा बाजार आहे." गाडी मिसिंग मारायला, म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचा चुकायला लागला की ते प्लगच्या टोप्या एकेक करून उपटायचे. टोपी काढली आणि इंजिनचा आवाज पडला, तर तो सिलिंडर कामावर आहे. काढूनही आवाजात काही फरक पडला नाही, तर तोच आळशी. आज हेच काम कंप्युटर करतो. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरताना प्रत्येक स्फोटानंतर तिचा वेग किती वाढला ते तो मोजतो, आणि वाढ दिसली नाही की पी०३०१, पी०३०२ असं सिलिंडरचा नंबर घालून लिहून ठेवतो. पण पुढची पायरी अजून वडिलांचीच आहे. चांगला मेकॅनिक एक नंबर सिलिंडरची, ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल तीन नंबरवर लावतो आणि गाडी चालवून बघतो. कोड तीनवर गेला तर कॉइल खराब, एकवरच राहिला तर दुसरीकडे शोधा. मला ही युक्ती फार आवडते. पैसा लागत नाही, पण सुटा भाग विकत घ्यायच्या आधी थांबावं लागतं, आणि आम्हाला तेवढंच जमत नाही.

त्यांच्या कडकपणाची एक आठवण आहे. रात्रीची वेळ, आम्ही सगळे पेंगत होतो. अचानक आवाज बंद झाला. गाडी पळत होती, पण इंजिन नव्हतं. नुसता टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज. वडिलांनी धावत्या गाडीचं इंजिन बंद करून ती वेगाच्या वेगात कडेला घेतली होती. डॅशवर तेलाच्या बुधलीचं लाल चित्र, त्याच्या चोचीतून एक थेंब गळणारा. "तेल संपलं का?" मी विचारलं. "हा दिवा लागला की प्रश्न विचारायचे नाहीत," ते म्हणाले, "आधी इंजिन बंद करायचं. प्रश्न नंतर." पुढे कळलं की तो दिवा तेल किती आहे हे सांगतच नाही. तो दाब सांगतो. डिपस्टिकवर तेल काठोकाठ असू शकतं आणि तरी पंप गेलेला असू शकतो. दाब नसेल तर बेअरिंगवर धातूला धातू घासतो, आणि तसं इंजिन मिनिटभर चालवलं तरी कायमचं नुकसान होऊ शकतं. त्या रात्री आम्ही कडेला किती वेळ बसलो आठवत नाही. गरम इंजिन निवतानाचा टिक् टिक् असा आवाज मात्र आठवतो, आणि वडिलांचा बॅटरीच्या उजेडातला अर्धा चेहरा.

लाल आणि पिवळा, हा भेद जगभर साधारण सारखा पाळतात. लाल म्हणजे थांब. पिवळा म्हणजे बघून घे. पिवळ्यातही एक पोटभेद आहे आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो: इंजिनचा दिवा स्थिर असेल तर चार दिवसांची मुदत मिळते, तो उघडझाप करायला लागला तर मिळत नाही. उघडझाप म्हणजे एखादा सिलिंडर इतका मिसिंग मारतोय की न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. आतली जाळी वितळू शकते. तेव्हा रेस सोडायची, गाडी हळू कडेला घ्यायची आणि पुढे रेटायची नाही. वडिलांच्या भाषेत सांगायचं तर लालला प्रश्न विचारायचे नाहीत, पिवळ्याला विचारायचे. मी पिवळ्याला एकही विचारला नव्हता.

आणखी एक गोष्ट कळल्यावर मी थोडी खट्टू झाले होते. हा पिवळा दिवा मुळात माझ्यासाठी नाहीच. तो हवेसाठी आहे. कॅलिफोर्नियातल्या धुरक्याने तिथल्या हवामंडळाला जेरीस आणलं, तेव्हा गाडी नवी असताना स्वच्छ धूर सोडते पण जुनी झाल्यावर काय करते, हे बघायला कुणीतरी आतच बसवावं असं ठरलं. १९८८च्या मॉडेलांपासून तिथे पहिली पद्धत आली. तेव्हाच्या काही गाड्यांत दोन पिनांमध्ये तारेचा तुकडा अडकवून दिव्याची उघडझाप मोजायची. एकदा, मग जरा थांबून दोनदा, म्हणजे बारा. १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला एकच १६ पिनांची खोबण आणि एकच कोडांची भाषा सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी ती २००१मध्ये आली. दिवा कधी लावायचा याचं मापही धुराचंच: घातक वायू ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होतील असा बिघाड दिसला की लावायचा. म्हणजे टायर गुळगुळीत झाला, वायपर फाटला, शॉक अॅब्झॉर्बर गळायला लागला, तर या साहेबांना त्याचं काही नाही. आणि पेट्रोलचं झाकण नीट बसलं नाही म्हणून टाकीतली वाफ बाहेर जाऊ लागली, तर हे रात्रंदिवस जळत बसणार. मला वाटत होतं गाडी माझ्याशी बोलतेय. ती मागच्या सायकलवाल्याच्या वतीने बोलत होती.

दिव्याला गप्प करणाऱ्यांच्या तऱ्हा निरनिराळ्या. एका नातेवाइकाने त्यावर काळ्या चिकटपट्टीचा इवलासा तुकडा लावला होता, इतक्या निगुतीने कापलेला की तो मुळातलाच वाटावा. जुनी गाडी विकताना काही जण त्याहून पुढे जातात. आतला बल्बच काढतात, किंवा त्याची वायर शेजारच्या दिव्याला जोडतात, म्हणजे तो लागला की हा लागेल आणि तो विझला की हा विझेल. म्हणून जुनी गाडी बघायला गेलं की आधी नुसती चावी ऑन करून थांबावं. सगळ्या दिव्यांची आरास एकदम उजळली पाहिजे. त्यात इंजिनचं चित्र दिसलं पाहिजे, आणि इंजिन चालू झाल्यावर ते गेलं पाहिजे. जो दिवा तेव्हाही लागत नाही, त्याची जास्त चौकशी करावी. मी या चिकटपट्टीवाल्यांना हसायचे. माझी चिकटपट्टी फक्त ब्लूटूथची होती.

तर काकांचं म्हणणं असं होतं. कोड लिहिला जातो त्या क्षणी कंप्युटर त्या क्षणाचा एक फोटो काढून ठेवतो. फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला. इंजिन किती गरम होतं, किती फेरे मारत होतं, गाडी किती वेगात होती, पेट्रोल किती वाढवून द्यावं लागत होतं, सगळं. पुसायचं बटण दाबलं की कोडाबरोबर हा फोटोही जातो. कंप्युटरने महिनोन् महिने शिकून बसवलेला पेट्रोलचा हिशेबही बहुतेक गाड्यांत शून्यावर येतो, आणि आतल्या सगळ्या चाचण्या 'अपूर्ण' म्हणून पाटी कोरी होते. काकांना त्या दिवशी कोरी पाटी मिळाली. "दिवा लागला तेव्हा गाडी थंड होती की गरम?" "लक्षात नाही." "चालत होती की उभी?" "उभी... बहुतेक. सिग्नलला." "तिन्ही वेळा?" मी गप्प. एवढं कौतुकाचं यंत्र घरात, आणि ज्याला डोळे-कान पुरले असते तेही मी पाहिलेलं नाही. त्यांनी वायर काढली, गुंडाळली. "न्या घरी. चालवा. लागला की तसाच घेऊन या."

मग आठवडाभर मी तो दिवा लागायची वाट बघितली. हा अनुभव विचित्र होता. रोज सकाळी चावी फिरवून आशेने बघायचं आणि दिवा नाही म्हणून हिरमुसायचं. दरम्यान कान उघडे राहिले. थंड असताना इंजिनचा सूर जरा वर-खाली होतो, हे मला पहिल्यांदा ऐकू आलं; पाण्यात पाय हलवत बसावं तसा सावकाश, ऊऽऽ आणि पुन्हा ऊऽऽ. दहा मिनिटं चालवलं की नाहीसा. बॉनेट उघडून उभी राहिले तर डाव्या बाजूने अगदी बारीक फुसफुस येत होती, कुणी दातांच्या फटीतून हवा ओढावी तशी. वडिलांचा स्क्रू ड्रायव्हर आठवला. पाचव्या दिवशी डब्याने सांगितलं की एक कोड 'प्रलंबित' आहे. असे बरेच कोड एकदा दिसून लगेच दिवा लावत नाहीत. पुढच्या खेपेला गाडी चालवतानाही तीच चूक दिसली तरच लावतात. यंत्रालाही एकदा ऐकून कुणावर आळ घ्यायचा नसतो. सहाव्या दिवशी सकाळी गेटपाशीच दिवा लागला आणि मी मोठ्याने "लागला!" म्हणाले. पुसायच्या बटणाकडे अंगठा गेला नाही असं म्हणणार नाही. गेला होता. मोबाइल पर्समध्ये टाकला.

या वेळी फोटो होता. इंजिनचं तापमान ४१, वेग शून्य, मिनिटाला फेरे ७८०, आणि पेट्रोल हिशेबापेक्षा २६ टक्के जास्त. काकांनी इंजिन थोडं चालू ठेवलं आणि मग २५०० फेऱ्यांवर रेस धरली; वाढीव पेट्रोलचा आकडा भराभर खाली आला, आठ, पाच, चार. "बघा," ते म्हणाले, "पंप दमला असता तर रेस दिल्यावर आकडा चढला असता. हा उतरतोय. म्हणजे कुठून तरी एअर ओढतेय." ते तर्कशास्त्र इतकं देखणं होतं की मी वहीत लिहून घेतलं. फट तेवढीच राहते. इंजिन मंद असताना त्या फटीतून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने मोठी असते, रेस दिल्यावर मूळ वाटेने इतकी हवा येते की फटीतली नगण्य होते. मिश्रणाचं ते १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवेचं गणित सांभाळायला कंप्युटर पेट्रोल वाढवत राहतो. पाच टक्के, दहा टक्के, वीस टक्के, कुणाला न सांगता. हात टेकले की मगच दिवा लावतो.

मग त्यांनी गाडी निवू दिली आणि हवेच्या वाटेत धूर सोडला. गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेतलं, एक टॉर्च पेटवला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. बराच वेळ काहीच नाही. तापल्या बेबी ऑइलसारखा गोडसर वास फक्त. आणि मग इंजिनच्या पोटातली वाफ वाहून नेणाऱ्या ब्रीदर पाईपच्या कोपराखालून, वरून कधीच दिसलं नसतं अशा जागी, धुराचा एक धागा निघाला. सरळ, शांत, उदबत्तीचा असतो तसा. काकांनी पाईप काढून माझ्या हातात दिला. वरून धडधाकट. वाकवल्यावर खालच्या बाजूला नखाएवढी भेग तोंड उघडायची. रबर थंडीत आखडलं की भेग उघडी, गरम होऊन फुगलं की बंद. त्या तुकड्यासाठी मी तीनदा दिवा विझवला होता आणि एक निर्दोष सेन्सर बदलला होता.

नवा पाईप बसवल्यावर मीच म्हटलं, "आता पुसा." ते स्कॅनर गुंडाळत होते. "कशाला? चालवा. आपला आपण विझेल." नियम असा की ज्या परिस्थितीत बिघाड दिसला होता तशीच परिस्थिती पुन्हा यायला हवी, इंजिन तितकंच थंड, फेरे त्याच्या मागेपुढे ३७५च्या आत, भारही जवळपास तेवढाच, आणि लागोपाठ तीन खेपा गाडी चालवताना चूक दिसली नाही तर दिवा विझतो. कोड तरी आत राहतोच, इंजिन पुढे चाळीसेक वेळा थंडाचं गरम होईपर्यंत. मी पिवळा दिवा मिरवत घरी आले. दुसऱ्या दिवशी होता. तिसऱ्या दिवशी होता. मधे दोन दिवस गाडी काढलीच नाही. मग कामाची गडबड सुरू झाली आणि माझं लक्ष उडालं.

आईला कुठेतरी सोडायचं होतं. ती मागे बसली, पट्टा लावताना नेहमीप्रमाणे कुरकुरली, आणि पुढे वाकून दोन सीटांच्या मधून डॅशकडे बघू लागली. चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागले असणार आणि सगळ्यांबरोबर तोही गेला असणार. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुझं ते पिवळं आज दिसत नाही ते," ती म्हणाली. "परत पुसलंस?"

"नाही," मी म्हणाले.